मेंदूपर्यंत पोचलेला लिपोसोम

मे २०२१ मध्ये पुण्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण दाटीने येत होते. बुरशी सायनसमधून डोळ्यात आणि तिथून मेंदूकडे सरकत होती, आणि नातेवाईक लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बीच्या कुप्यांसाठी शहर पालथे घालत होते. मूळ औषध १९५० च्या दशकातले. तुटवडा होता तो ते वाहून नेणाऱ्या, शंभर नॅनोमीटरहूनही लहान मेदगोलकाचा.

मेंदूसाठीच्या नॅनोवाहकांवरील निबंधांत हा गोलक क्वचितच भेटतो. तिथे ट्रान्सफेरिनची जोड असते, पॉलिसॉर्बेटचे आवरण असते, नाकावाटे जाणारे नॅनोइमल्शन असते, आणि बहुतेकांची वाट उंदरापाशी संपते. या लिपोसोमवर असली कोणतीच सजावट नाही. पाठीच्या पाण्यात त्याचे औषध जेमतेम सापडते. तरी सशांच्या कॅन्डिडाजन्य मेंदूदाहावरील २००० सालच्या अभ्यासात मेंदूच्या ऊतीत सर्वाधिक मात्रा याच रूपाची मिळाली. अ‍ॅम्बिशन चाचणीने तर उपचारच बदलला. आफ्रिकेतल्या पाच देशांत एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसवर किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल. दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, तर साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनचे सात दिवस घेणाऱ्यांत २८.७ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधन संस्था असलेल्या शहराने याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

वॉर्डातल्या फार्मासिस्टना एक कळकळीची विनंती. चिठ्ठीवर नुसते ‘अ‍ॅम्फो’ लिहिलेले स्वीकारू नका. साध्या रूपाची मात्रा किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. लिपोसोमलची पाच, मेंदूत संसर्ग असल्यास दहापर्यंत. ही अदलाबदल जीव घेते. इमल्शन हे आणखी वेगळे रूप. २०२१ च्या त्याच मे महिन्यात वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. आणि लिपोसोमल कुपी सलाइनमध्ये मिसळायची नाही, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच.

मेदाची शुद्धता, कणांचा आकार, निर्जंतुक गाळण, फ्रीझ-ड्रायिंग यांतून जाणारी बॅच टंचाई आली म्हणून आठवड्यात वाढवता येत नाही. हे कसब पुण्यात आहे: इथल्या जेनोव्हा कंपनीच्या, मेदकणांतून नेल्या जाणाऱ्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते. म्हणून यापुढे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नॅनोवाहक निबंधात तीन गोष्टी असाव्यात: बॅच मोठी करताना कणांचा आकार टिकला का, कुपी साध्या फ्रिजमध्ये किती महिने राहिली, आणि मेंदूच्या ऊतीत प्रत्यक्ष किती औषध मोजले.