लस पंचाहत्तरीनंतरची

‘‘डाव्याच दंडात दे गं, उजव्या हाताने चकल्या पाडायच्यात,’’ असे ताईने त्या मुलीला चक्क गुजरातीत बजावले. लेस्टरमध्ये ४९ वर्षे काढल्यावर मराठी बाईला गुजराती येतेच. मुलगी हसली, तिने ताईची जन्मतारीख विचारून यंत्रात घातली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘मासी, तुम्हाला फक्त फ्ल्यूची मिळेल. करोनाची नाही.’’

२०२५ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. मी साताऱ्याहून ताईकडे गेले होते आणि ताई-दाजींबरोबर त्यांच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात हिवाळ्याच्या लशींसाठी आले होते. दाजी ७८ वर्षांचे. त्यांना दोन्ही लशी मिळाल्या. ताई ७२ वर्षांची. तिला मधुमेह आहे. जानेवारी २०२१ मध्ये ती ११ दिवस रुग्णालयात ऑक्सिजनवर होती. २०२४ च्या ऑक्टोबरात याच दुकानात तिला करोनाची लस विनामूल्य टोचली होती. एका वर्षात ती काही तरुण झालेली नव्हती. सरकारने आखलेली रेघ तेवढी सरकली होती.

ही रेघ समजून घेण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये २०२४ च्या शरद ऋतूतल्या मोहिमेत ६५ वर्षांवरील सर्वांना ही लस मिळत होती. २०२५ मध्ये ती ७५ वर्षांवरील व्यक्ती, वृद्धाश्रमांतील रहिवासी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी खचलेली आहे अशा लोकांपुरती ठेवली गेली. मधुमेह त्यात बसत नाही. सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीचा हिशेब असा : बहुतेकांना आता लशीने, संसर्गाने किंवा दोन्हींनी बऱ्यापैकी संरक्षण मिळालेले आहे. साथ ऐन भरात असताना पैशाचा विचार बाजूला ठेवला होता. आता या लशीलाही इतर लशींचीच फूटपट्टी लावायची. एक माणूस रुग्णालयात जाऊ नये म्हणून किती जणांना टोचावे लागते आणि त्याला किती खर्च येतो, हे पाहायचे. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये औषध नियामकाने या लशींची मान्यता ६५ वर्षांवरील लोक आणि धोक्याचा आजार असलेले त्याहून लहान लोक यांच्यापुरती आखडती घेतली.

हा हिशेब मला पटत नाही असे नाही. सरकारी तिजोरी कुठलीही असो, तिला तळ असतोच. खटकली ती पद्धत. दरवर्षी येणारे बोलावणे या वर्षी ताईला आले नाही आणि ते का येणार नाही हे सांगणारेही काही आले नाही. ती आपली पर्समध्ये चष्मा घालून, पूर्ण बाह्यांचा स्वेटर टाळून, तयारीने आली होती.

याच लेस्टरमध्ये जून २०२० च्या अखेरीस इंग्लंडमधली पहिली स्थानिक टाळेबंदी लागली होती. बाकीचा देश मोकळा होत असताना हे शहर पुन्हा दाराआड गेले. आणि इथून जवळच असलेल्या कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात ८ डिसेंबर २०२० रोजी मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस टोचली, तेव्हा ताईने फोनवर मला ते दृश्य धावते समालोचन करावे तसे सांगितले होते. लस म्हणजे तेव्हा राष्ट्रीय सोहळा होता. आता ती खोकल्याच्या बाटल्यांशेजारी, पडद्यामागच्या खुर्चीत मिळते. मला विचाराल तर हे चांगलेच लक्षण आहे.

आता दाजींचे काय झाले ते सांगते, कारण ‘नंतर काय होते?’ हाच प्रश्न घरोघर विचारला जातो. दाजी स्वतः गाडी चालवणार म्हणून त्यांना पंधरा मिनिटे बसवून ठेवले. टोचल्यावर एखाद्याला घेरी येते. रात्री दंड जड झाला. दुसऱ्या दिवशी कणकण, डोकेदुखी, अंग मोडून आलेले. दाजींनी दोनदा पॅरासिटामोल घेतली, मऊ भात खाल्ला आणि आपण फार आजारी आहोत असे चार जणांना फोन करून कळवले. तिसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र घेऊन नेहमीच्या खुर्चीत होते.

बहुतेकांचा अनुभव असाच असतो. काहींना तेवढेही होत नाही आणि न झाले म्हणजे लस लागू पडली नाही असे मुळीच नाही. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ‘लशीनेच करोना झाला’ ही तक्रार खरी नव्हे. ताप दोन दिवसांपलीकडे टिकला, तो चांगलाच चढला किंवा खोकला सुरू झाला, तर मात्र लशीच्या माथी न मारता दुसरा संसर्ग शोधावा. टोचलेल्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते, ती आठ-दहा दिवस राहते. स्तनांची तपासणी ठरलेली असेल तर डॉक्टरांना लशीचे आवर्जून सांगावे, नाहीतर विनाकारण घबराट होते. छातीत दुखणे, दम लागणे, धडधड ही मात्र अंगावर काढण्याची लक्षणे नव्हेत. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा हा प्रकार फार विरळ, त्यातही तरुण पुरुषांत अधिक दिसलेला. पण तसे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि संरक्षण पूर्ण उभे राहायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून ताईचा आग्रह होता की दाजींची लस दिवाळीच्या पाहुण्यांआधी व्हावी.

हे संरक्षण काही महिन्यांनी ओसरते आणि विषाणूही रूप पालटतो. म्हणून लसही बदलते : २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५, २०२४ मध्ये जेएन.१ या रूपांवर ती बेतली होती. पण ‘हंगामी’ हा शब्द करोनाला तितकासा लागू नाही. फ्ल्यू ब्रिटनमध्ये हिवाळ्यात येतो. करोना उन्हाळ्यातही डोके वर काढतो. म्हणून पंचाहत्तरीपुढच्यांना तिथे वसंतातही एक मात्रा देतात.

आपल्याकडे तर हंगामाचे गणितच वेगळे. महाराष्ट्रात फ्ल्यूचा जोर पावसाळ्यात असतो. जून २०२५ मध्ये देशातील सक्रिय करोना रुग्ण ७ हजारांवर गेले, तेव्हा साताऱ्यात मी पुन्हा मास्क शोधला. लशीची चौकशी मात्र कुणी केली नाही. माझी शेवटची मात्रा २०२२ मधला ‘प्रिकॉशन डोस’. ज्या पुण्यातून जगभर कोव्हिशिल्डच्या कुप्या गेल्या, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात मी राहते आणि पुढची मात्रा घ्यावी का, कोणती, कुठे, हे मला ठरवता येत नाही. ब्रिटनने रेघ चुकीच्या जागी आखली असेल, पण तिथे रेघ आहे, तिच्यावर भांडता येते. आपल्याकडे वयस्कर माणसांसाठी दरवर्षीचे असे काही ठरलेलेच नाही.

कोव्हिशिल्ड म्हटले की हल्ली पहिला प्रश्न रक्ताच्या गुठळ्यांचा येतो. तो धोका खरा होता, पण अत्यंत विरळ, आणि टोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. २०२१ मध्ये घेतलेल्यांनी आज त्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. दाजींना मिळाली ती फायझरची लस वेगळ्या पद्धतीची आहे.

इकडे ताईचा प्रश्न तसाच होता. ब्रिटनमध्ये २०२४ पासून खासगी दुकानांत ही लस विकत मिळते. ताईला किंमत सांगितली ती सुमारे १०० पौंड, म्हणजे ११ हजार रुपयांहून अधिक. ‘‘एवढ्यात सगळ्या गल्लीचा फराळ होतो,’’ म्हणत तिने विषय बंद केला आणि चकल्यांच्या भाजणीकडे वळली. भाऊबीजेला आमच्या धाकट्या भावाचा फोन आला. ओवाळणी काय हवी, असे त्याने दरवर्षीप्रमाणे विचारले. ताई म्हणाली, ‘‘या वर्षी साडी नको. लस दे.’’ तो आधी हसला, मग खरेच पैसे पाठवले.

शनिवारी ती जाऊन टोचून आली, डाव्याच दंडात. उजवा हात दिला असता तरी चालले असते; चकल्या तोवर संपल्या होत्या.