अकरावी-बारावीचा एक विषय मानपुरला आखू द्या

मा. अध्यक्ष,
माध्यमिक शिक्षा मंडळ, मध्य प्रदेश, भोपाळ



मी मानपुरात राहते आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. या पत्राची हिंदी प्रत आपल्याला टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी लोकांनीही यात लक्ष घालावं म्हणून.

माझ्याकडे येणारा एक मुलगा गेल्या आषाढापासून घरच्या विहिरीचं पाणी मोजतो. दोराला हाताहातावर गाठी, टोकाला दगड. रोज सकाळी दोर तळाला टेकवायचा, वर ओढायचा, कोरड्या गाठी किती आणि ओल्या किती ते वहीत लिहायचं. शेजारी सरळ बाजूंच्या बरणीत साठलेला पाऊस. परीक्षा जवळ आली तेव्हा ती वही मिटून प्रश्नपेढी उघड, असं मीच त्याला सांगितलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या जवळच्या जानापावावर चंबळ उगम पावते. त्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला, पुढे गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. दुसऱ्या अंगाचा नर्मदेवाटे अरबी समुद्रात. खाली काळा पाषाण, वर काळी माती. पाणी कुठे मुरतं, कुठे वाहून जातं, हे नीट शिकायचं तर भूगोल, भौतिक, रसायन आणि संख्याशास्त्र चारही लागतात. पण बारावीच्या कुठल्याही एका विषयात हे बसत नाही.

म्हणून मागणं एवढंच: अकरावी-बारावीचा एक विषय शाळेने स्वतः आखावा, मंडळाने तो पारखून मंजूर करावा आणि त्याचे गुण गुणपत्रिकेत धरावेत. सुटीतला हौशी प्रकल्प मला नको आहे. दोन वर्षांचा, नेहमीच्या पेपरापेक्षा कठीण असा अभ्यास हवा आहे. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल हायस्कूलने देशभर चालणारा तयार प्रगत अभ्यासक्रम सोडून स्वतःचा आखला. ती सधन गावातली शाळा. आमच्या सरकारी शाळांनी असं काही मागितलं की ती चैन का ठरावी?

आणि ठरलेल्या चाकोरीबाहेर शिकवणं मध्य प्रदेशाला नवं नाही. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत, किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र यांच्या पुढाकाराने आणि शासनाच्या परवानगीने, सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. पुढे एकलव्य संस्थेने ते काम वाढवलं. खेड्यातली मुलं स्वतः प्रयोग करत, ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तक परीक्षेत उघडून बसत आणि प्रात्यक्षिकही देत. मुलांच्या प्रश्नांना ‘सवालीराम’ या कल्पित नावाने उत्तरं जात. शिक्षकांची प्रशिक्षणं होत, मासिक बैठकाही होत. 2002 मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट अशी थांबली याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रत्येक शाळेचा विषय वेगळा, मग गुणांची बरोबरी कशी करायची, हा आपला प्रश्न असेल. तो रास्त आहे, आणि शाळांवर सोडून चालणार नाही. एका शाळेच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या दोन शाळांच्या शिक्षकांनी तपासाव्यात, नमुना म्हणून काही मंडळाने पुन्हा पाहाव्यात. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घ्यावी, म्हणजे पाठांतराचे गुण आपोआप गळतील. खरी अडचण शिक्षकांची आहे. जिथे विज्ञानाचा शिक्षकच नेमलेला नाही, तिथे हा अधिकार कागदावरच राहील. तेव्हा आधी पदं भरा. सुरुवात सगळीकडे एकदम नको. इंदूर जिल्ह्यातल्या पाच शाळा निवडा, त्यांत मानपुर असू द्या.

त्या मुलाच्या वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पान नऊ जरूर पाहावं. एका मुसळधार रात्रीनंतर त्यांच्या विहिरीचं पाणी दोन हात वर आलं, आणि शंभर पावलांवरच्या चुलत्याच्या विहिरीला काहीच फरक पडला नाही. असं का झालं असावं याचे दोन तर्क त्याने लिहिले आहेत. त्यांखाली, ते कसे तपासता येतील, ते आहे.

आपली,
मानपुरची एक शिक्षिका