मालवणात ‘स्कूबा’ केलं म्हणजे डायव्हर झालो का? हिंगोलीला कोणता कोर्स उपयोगी?

सुट्टीत हिंगोलीहून मालवण-तारकर्लीला गेलेले अनेक जण पाण्याखालचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. अनुभव म्हणून तो छानच! पण प्रशिक्षक सिलिंडर धरून नेतो आणि पर्यटक कॅमेऱ्याकडे हात हलवतो, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

मग प्रशिक्षण कशाला म्हणायचं?

‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत पहिला पूर्ण कोर्स ‘ओपन वॉटर डायव्हर’. वय किमान 10 वर्षं. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं जमायलाच हवं. थिअरी, तलावातला सराव आणि मग खुल्या पाण्यात 4 डाइव्ह झाल्या की जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ही मर्यादा 30 मीटर होते. त्यापुढे ‘रेस्क्यू डायव्हर’, आणि वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर ‘डाइव्हमास्टर’, म्हणजे व्यवसायाची सुरुवात. राज्यात तारकर्लीला एमटीडीसीची ‘इस्दा’ ही प्रशिक्षण संस्था आहे.

एवढ्या पायऱ्या कशासाठी? 10 मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर तीच हवा फुगून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. ‘श्वास रोखू नका’ हे पर्यटकालाही सांगतात. पण मास्कमध्ये पाणी शिरल्यावर, तोंडातली नळी निसटल्यावरही न घाबरता हा नियम पाळणं सरावाशिवाय येत नाही.

हिंगोलीला समुद्र नाही, पण सिद्धेश्वर आहे, इसापूरचा जलाशय आहे. कुणी बुडालं की बहुतेकदा सगळ्यात आधी पाण्यात उतरतात ते स्थानिक मासेमार, तेही नुसता श्वास रोखून. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. तिथून येईपर्यंत तास जातात.

म्हणूनच जिल्हा प्रशासनाने मासेमार कुटुंबांतल्या काही तरुणांना सरकारी खर्चाने ‘रेस्क्यू’पर्यंत शिकवावं. पोहण्याची चाचणी त्यांच्यासाठी किरकोळ आहे.

मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. हे कोर्स मुळात हौशी डायव्हिंगचे. धरणात गाळ, बुडालेली झाडं, जाळी. स्वतःचा हातही दिसत नाही. तिथल्या शोधासाठी ‘पब्लिक सेफ्टी डायव्हिंग’ शिकावं लागतं. त्यात डायव्हर दोरीने बांधलेला असतो आणि दोरीचं दुसरं टोक काठावरच्या प्रशिक्षित माणसाच्या हातात.

शिवाय समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा उंच पाण्यासाठी डाइव्हच्या खोली-वेळेचे नियम बदलतात. इसापूरची पूर्ण भरल्यावरची पातळी आहे सुमारे 440 मीटर. तारकर्लीचा हिशेब इथे जसाच्या तसा चालत नाही. (कारण तेच असल्याने मालवणात डाइव्ह करून लगेच घाट चढण्याआधीही प्रशिक्षकाला विचारावं.)

आणखी एक खर्च सहज विसरला जातो. सिलिंडरमध्ये श्वास घेण्यायोग्य शुद्ध हवा भरणारा वेगळा कॉम्प्रेसर लागतो, टायरच्या दुकानातला चालत नाही. प्रशासनाने प्रस्ताव केलाच तर त्याची खरेदी आणि देखभाल प्रशिक्षणाच्या फीसोबतच धरावी.