आधाराची भूमिका

सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली की वैजापुरातील कितीतरी घरांत दूरचित्रवाणी संच सुरू होतो. मालिकेतील नायिकेवर कोसळलेल्या संकटाची चर्चा दुसऱ्या दिवशीही रंगते. मात्र तिला धीर देणारी आत्या किंवा तिची कानउघाडणी करणारी आजी जिने साकारली, त्या अभिनेत्रीचे नाव विचारले तर बहुतेकांना आठवावे लागते. अशा अभिनेत्रींच्या वाट्याला येणारा सन्मान म्हणजे ‘सहायक अभिनेत्री’चा पुरस्कार.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांमध्ये हा मान १९५४ साली प्रथम व्हिव्हियन व्हान्स यांना मिळाला. ‘आय लव्ह ल्युसी’ या मालिकेत त्यांनी नायिकेच्या शेजारणीची, एथेलची भूमिका केली होती. ल्युसीच्या फजितीचे हसू येते, कारण तिच्या बेतांना आधी कचरणारी आणि मग त्यांत सामील होणारी एथेल तिच्याजवळ उभी असते.

आपल्याकडे १९५५ मध्ये फिल्मफेअरचा असा पहिला पुरस्कार ‘बादबान’ चित्रपटासाठी उषा किरण या मराठी अभिनेत्रीने मिळविला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मात्र उत्कृष्ट अभिनेत्रीचा गौरव १९६७च्या चित्रपटांपासून होऊ लागला, तरी सहायक अभिनेत्रीला आणखी १७ वर्षे थांबावे लागले. १९८४च्या चित्रपटांसाठी तो सन्मान प्रथम दिला गेला आणि मानकरी ठरल्या रोहिणी हट्टंगडी. त्याआधी ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेने त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही सहायक अभिनेत्री म्हणूनच मिळाला होता.

राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा त्यांचा चित्रपट होता ‘पार्टी’. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी तो दिग्दर्शित केला. योगायोग असा की, या चित्रपटाचे कथानकच एका पुरस्काराभोवती फिरते. दिवाकर बर्वे या नामवंत साहित्यिकाला मोठा पुरस्कार मिळतो, म्हणून मेजवानी योजली जाते. सर्वांचे लक्ष बर्वे यांच्याकडे असते. त्यांची सहचारिणी मोहिनी ही एकेकाळची अभिनेत्री. रंगमंच मागे राहिलेला, मनात सल उरलेला. त्या गौरवसोहळ्यात तिच्यासाठी टाळी नाही. पडद्यावर उपेक्षित राहिलेली ती मोहिनी साकारणाऱ्या अभिनेत्रीला पडद्याबाहेर देशाचा सन्मान लाभला.

पुढे मराठी मालिकांनी रोहिणीताईंना घराघरांत नेले. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील त्यांची आई-आजी आजही अनेकांच्या स्मरणात आहे. झी मराठीच्या पुरस्कारांत तर सर्वोत्कृष्ट सासू, सासरे, सून असे नात्यांचेच विभाग असतात. मराठी प्रेक्षक पात्राला आधी नात्याने ओळखतो, हे त्यातून दिसते. त्यात आपुलकी आहे, तशी एक उणीवही आहे. ‘आजी’ म्हणून जिला मनात जागा मिळते, तिचे स्वतःचे नाव, तिचे शिक्षण, तिची साधना त्या नात्याआड सहज झाकली जाते.

ही उणीव पडद्यापुरती नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्यांची सून’ म्हणून आयुष्य गेलेल्या स्त्रीला गाणे येत होते, चित्रकला येत होती, ती शाळेत पहिली येत असे, हे पुष्कळदा नातवंडांना ठाऊकच नसते. तिने दिलेला आधार सर्वांनी घेतला. तो देताना तिने काय बाजूला ठेवले, हे विचारायचे राहून गेले. घरातील कुणाचा सत्कार होईल, तेव्हा हाराबरोबर तिचेही नाव, नात्याने नव्हे तर नावाने, उच्चारले जावे. त्यासाठी परीक्षक मंडळाची गरज नाही, आणि १७ वर्षे थांबण्याचीही नाही.