देठासकट फूल

माणसाने फुलाशी करावयाच्या कृतींची मराठी क्रियापदे मोजू लागले तर हाताची बोटे भरत येतात. फूल आपण खुडतो, तोडतो, वेचतो, ओवतो, गुंफतो, माळतो, वाहतो, उधळतो. उमलणे, फुलणे, कोमेजणे, गळणे ही क्रियापदे वेगळी; ती फुलाची स्वतःची, त्यांत आपला हात नाही. आपला हात जिथे आहे तिथे फूल झाडापासून तुटते आहे किंवा तुटून झालेले आहे. तुटते तेही मानेपाशी. देठ, पान, शेजारची कळी यांतले काहीच परडीत येत नाही. फुलदाणीत देठाशिवाय चालत नाही, आणि नेमके तिथे आपल्यापाशी क्रियापद नाही. फुलदाणीत आपण फुले नुसती 'ठेवतो'. 'पुष्परचना' हा घडवलेला शब्द आहे, आणि 'फुलदाणी'तली 'दाणी' फारसीतल्या 'दान'वरून आलेली.

हे सारे मांडण्याचे निमित्त म्हणजे अलीकडे आपल्याकडेही रुजू लागलेली सुट्टीची एक नवी तऱ्हा. तीन-चार दिवस एखाद्या गावी राहायचे, सकाळी जलरंगात फुले रंगवायची, दुपारनंतर त्यांची रचना करायची. इंग्लंडात अशा निवासी वर्गांची परंपरा जुनी आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या सफोकमधल्या फ्लॅटफर्ड मिल येथे १९४६ साली निसर्गाभ्यासाचे केंद्र सुरू झाले आणि जॉन नॅश यांच्यासारखा नामवंत चित्रकार तेथे हौशी मंडळींना वनस्पतींचे चित्रण शिकवीत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या सुट्टीत, आम्ही तिघे (तिघेही मराठीचे अध्यापक) सावंतवाडीजवळच्या एका गावात अशाच वर्गाला तीन दिवस राहून आलो.

परत आल्यावर सहकाऱ्यांच्या खोलीत जी प्रतिक्रिया उमटली ती लिहून ठेवण्याजोगी आहे. "पैसे देऊन फुले काढायला?" असे एकाने विचारले. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा सुखवस्तू लोकांचा चाळा आहे. ज्यांच्या अंगणात फुले आहेत त्यांना हे सुचत नाही आणि ज्यांना सुचते त्यांना अंगण नाही. या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. शुल्क कमी नव्हते, आणि जाड कागद, नळ्यांतले रंग, चांगला कुंचला यांची यादी वाचून शाळेतल्या कॅमलच्या वड्यांवर वाढलेल्या कुणालाही धसका बसावा. पण पहिल्या आक्षेपात फुले काढणे ही बिनकष्टाची, बिनडोक्याची गोष्ट आहे असे जे गृहीत धरले आहे, त्याच्याशी आमचा वाद आहे. आमच्या मते मराठी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाला याहून उपयोगी अभ्यास क्वचितच सापडेल.

कसा, ते तेरड्यावरून सांगतो. तेरडा ठाऊक नाही असा मराठी माणूस नाही. निदान तीन दिवसांच्या रंगाची म्हण तरी त्याला येते, आणि कोकणात तर तेरड्याची रोपेच गौर म्हणून घरात येतात. पण तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी एक बारीक, वाकडी नळी असते, तिच्यात मध असतो, हे किती जणांनी पाहिले असेल? समोरून पाहता ती दिसत नाही. फांदी पाण्यात उभी करून बाजूने रेखाटू लागले की ती टाळता येत नाही. मग फूल देठाला कुठे जोडले आहे आणि त्याचा भार कुणीकडे झुकतो हा प्रश्न येतो, आणि फूल नावाचा गुलाबी ठिपका एकाएकी यंत्रासारखा गुंतागुंतीचा होतो. रंगाची तर वेगळीच गंमत. तेरड्याचा तो झगझगीत गुलाबी साधण्यासाठी 'ऑपेरा' नावाची जी नळी वापरतात, तिचा रंग उजेडात ठेवला की काही काळाने फिका पडतो. म्हण कागदावरही खरी होते.

पांढऱ्या फुलांनी मात्र सगळ्यांनाच दमवले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरे म्हणजे कोरा सोडलेला कागद. अनंत रंगवायचा तर अनंताला हात न लावता भोवतालची हिरवी सावली रंगवायची आणि पाकळीच्या वळणात जी निळसर, कुठे पिवळसर छटा दिसते तेवढीच पाण्यासारखी पातळ टाकायची. (सावंतवाडीतच जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांनी जलरंगात काय साधले ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात दिवा हाती घेतलेल्या स्त्रीच्या चित्रात पाहावे. ते चित्र रविवर्म्याचे समजणारे अजूनही भेटतात.) या पांढऱ्या फुलांपाशी आमची चर्चा बराच वेळ अडली. मराठी माणसाची लाडकी फुले कोणती? मोगरा, जाई, जुई, कुंद, अनंत, सोनटक्का, प्राजक्त. जवळजवळ सगळी पांढरी, सगळी सुवासिक. म्हणजे आपली फुलांची आवड मुख्यतः नाकाची आहे आणि जलरंगाला नाक नाही. वासाची सगळी पुण्याई वजा करून उरलेल्या फुलाकडे पाहायला लावणारी ही कला आपल्याला अवघड जावी यात नवल नाही.

साहित्याच्या वर्गातला अनुभव याला जोडून पाहा. प्राजक्तावर पानभर लिहा म्हटले तर विद्यार्थी सत्यभामा, रुक्मिणी, अंगणातला सडा, क्षणभंगुरता हे सगळे व्यवस्थित लिहितात. तेच फूल फळ्यावर काढा म्हटले तर पाच गोल पाकळ्या काढून मोकळे होतात. प्राजक्ताच्या पाकळ्या पाचांपासून आठांपर्यंत असतात, टोकाशी दुभंगलेल्या आणि भिंगरीच्या पात्यांसारख्या किंचित कललेल्या. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. आपल्या कवितेतले फूल बहुतेक वेळा काहीतरी सांगण्यासाठी आलेले असते. ते कुणाचे तरी प्रतीक, कुणाला तरी दिलेली उपमा. बालकवींची 'फुलराणी' कोणत्या झाडाची हे कवीने सांगितलेले नाही, आणि त्या कवितेला त्याची गरजही नाही. पण गरज नसणे ही सवय झाली की 'रानफुले' या एका शब्दात सगळे रान उरकते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. त्यात महिन्यामहिन्यांतली झाडे आणि फुले नावानिशी, पोतानिशी, बदलत्या रंगानिशी येतात, ती पाहणाऱ्याच्या डोळ्याने आलेली असतात. ते पुस्तक आम्ही ललित गद्याचा नमुना म्हणून शिकवतो, पण त्यातले एक झाड ओळखून या, असा स्वाध्याय कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिल्याचे आम्हाला स्मरत नाही.

आपल्या भागात फुलांकडे असे बघणारे कुणी नव्हते असेही नाही. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने वनस्पतींची बाग उभी केली. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश शल्यवैद्य १८३८ पासून तिचा अधीक्षक होता. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. गिब्सनचे नाव राहिले, वनस्पतींची लॅटिन नावे राहिली, चित्रे ठेवणाऱ्यांचीही राहिली. चित्रकाराचा उल्लेख 'पोर्तुगीज' एवढाच येतो. म्हणजे बहुधा गोव्याकडचा कुणी ख्रिस्ती गृहस्थ. मुळा-पवनेच्या काठी बसून पाकळीमागून पाकळी मोजणाऱ्या या माणसाने त्या वेळी मराठी मुलखातली फुले जेवढी निरखली तेवढी फार थोड्यांनी निरखली असतील. कलेच्या मराठी इतिहासात त्याला अर्धे वाक्य मिळाले तरी पुष्कळ झाले.

आता दुपारच्या वर्गाविषयी, म्हणजे रचनेविषयी. येथे आमची तक्रार आहे. शिकवणाऱ्या बाई जाणकार होत्या. इकेबानातल्या काही पद्धती, पसरट भांडे, तळाशी सुयांचा पिनहोल्डर, तीन फांद्यांची कमीअधिक उंची हे सारे त्यांनी मनापासून शिकवले. इकेबानाबद्दल आम्हाला आदरच आहे. बुद्धापुढे वाहिल्या जाणाऱ्या फुलांतून ती कला उगवली आणि तिची सर्वांत जुनी शाखा क्योतोच्या रोक्काकुदो मंदिराशी निगडित आहे. म्हणजे देवापुढचे फूल तिथेही आहे आणि आपल्याकडेही आहे. फरक इतकाच की तिथे देठ राहिला. किंबहुना देठाची रेषा आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा हीच रचना झाली. पण हे सगळे जिथे शिकवले जात होते त्या पडवीला लागून असलेल्या माजघरात अकरा दिवसांचा गणपती बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर माटवी टांगलेली होती. तीन दिवसांत तिच्याविषयी वर्गात एक शब्द निघाला नाही.

माटवी, गोव्यात माटोळी. गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला दोऱ्याने बांधलेले पावसाळ्यातले अवघे रान: नारळ, सुपारीचा घोस, केळी, तोरंजन, आंबाडे, कवंडळे, कांगले, कळलावीची फुले. यांतले काहीही मानेपाशी तोडलेले नसते. सगळे देठासकट, डहाळीसकट, घोसासकट असते. वजनाचा तोल सांभाळावा लागतो, नाहीतर चौकट कलते. लाल कशाशेजारी, हिरवे किती, लोंबते काय आणि उभे काय याचा विचार बांधणारा करतोच, फक्त त्याला 'संयोजन' म्हणत नाही. आणि येथे क्रियापदही आहे. माटवी 'बांधतात', जशी कोल्हापूरला अंबाबाईची पूजा बांधतात. पुष्परचनेसाठी मराठीला शब्द हवा असेल तर तो संस्कृतातून घडवण्याची गरज नव्हती. गोवा शासनाचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, हे चांगलेच आहे. पण माटोळीचा बाजार भरू लागल्यापासून रान ओरबाडले जाते ही कुरकुरही खोटी नाही. स्वतः रानात जाणाऱ्याला वेल कुठे आहे आणि पुढच्या वर्षासाठी किती सोडायची हे ठाऊक असते; बाजारात वाटा विकत घेणाऱ्याला तेवढे कळण्याचे कारण नाही.

कळलावीची ओळख आम्हाला त्या घरातल्या आजींनी करून दिली, वर्गाबाहेर. "हे गौरीचे हात," त्या म्हणाल्या. "हातात घेतलात तर मगे हात धुवा, डोळ्याक लावू नकात." कोल्चिसिन नावाचे विष त्या झाडाच्या सर्वांगात, विशेषतः कंदात असते, आजींना ते नाव नको होते. कळलावी या नावाचा संबंध प्रसूतीच्या कळांशी जोडतात, आणि नारदाला आपण लावतो ते विशेषण वेगळ्याच कळीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या यादीतला गुलाब बाजूला ठेवून आम्ही कळलावीच समोर घेतली. सहा पाकळ्या मागे वळून वर उठलेल्या, कडा झालरीसारख्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लाल. कालचे फूल आजच्याहून अधिक लाल असते, म्हणून एकाच वेलीवर चार दिवसांचे चार रंग दिसतात. पण खरी नवलाई पानात होती. पानाचे टोक निमुळते होत होत शेवटी तणाव्यासारखे गुंडाळते आणि शेजारच्या काटकीला धरते. वेल पानांनी चढते. तोडलेल्या फुलात हे कधी दिसले नसते, आणि छायाचित्रात दिसले असते तरी बोट पुढे सरकले असते. पेन्सिलीला त्या टोकापर्यंत जावेच लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळतात, आणि ते कशाने भरावेत यावर महाविद्यालयांत बैठका होतात. मराठी विभागाने दोन श्रेयांकांचा फुलांचा अभ्यासक्रम घ्यावा असे आम्ही सुचवतो. रंगाच्या साध्या वड्या चालतील, कागद तेवढा जरा जाड हवा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला एक फूल देठासकट आणावे, काढावे आणि त्याची घरात, गावात चालणारी नावे खाली लिहावीत. प्रमाण नाव असलेच तर शेवटी. सणावाराला जे बांधले जाते ते बांधणाऱ्याला वर्गात बोलावून त्याच्याकडून शिकावे. पावसाळ्यात सुरू होणारे सत्र यासाठी सोयीचे आहे. तेरडा कुठल्याही कुंपणाकडेला मिळतो. प्राजक्तासाठी मात्र वेळापत्रकात थोडी तडजोड लागेल. तो दहाच्या तासाला थांबत नाही, त्या आठवड्याचा वर्ग सकाळी सातला भरवावा लागेल.