शुभवर्तमानाची मराठी

मराठी ख्रिस्ती परंपरेने 'गॉस्पेल'साठी 'शुभवर्तमान' हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'चांगली बातमी' असाच आहे. बातमी म्हटली की तिला सांगणारा लागतो, ऐकणारा लागतो, आणि दोघांनाही आपली वाटेल अशी भाषा लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली शुभवर्तमानाच्या आनंदाविषयी एक दीर्घ आवाहनपत्र काढले. सुतकी चेहऱ्याने श्रद्धा सांगणाऱ्यांची त्यात त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली आहे. ते वाचताना मनात आले की हा आनंद मराठीत कधी आणि कसा उमटला, याचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आपण लिहिला, त्याची भाषा तपासली; त्यातील श्रद्धेचा अनुभव मात्र धर्मोपदेशकांचा विषय म्हणून बाजूला ठेवला. हे योग्य झाले नाही, असे मला वाटते. आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात बसून विचार केला की ते अधिकच जाणवते.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म आला तो मुख्यतः गोव्याच्या वाटेने. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत. रोमन कॅथलिक चर्चचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि सावंतवाडी हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. परंतु लोक येथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. इगर्ज, खुरीस, फेस्त, पाद्री, नाताळ हे पोर्तुगीज शब्द येथल्या बोलण्यात इतके मुरले आहेत की ते परके आहेत हे मुद्दाम सांगावे लागते. नाताळात नेवऱ्या आणि दोदोल शेजारी जातात. चतुर्थीला शेजारून मोदक येतात. ही देवाणघेवाण इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोणाला धर्मसंवाद दिसत नाही. मला वाटते, तो तिथेच सर्वांत निकोप आहे.

मात्र या वाटेवर रक्तही सांडलेले आहे. ते झाकून आनंदाची भाषा बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते. १६८४ साली तर स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम निघाला. ज्या सत्तेने शुभवर्तमान आणले, तिनेच ऐकणाऱ्याची जीभ कापू पाहिली. ख्रिस्ती मिशनविषयी आजही जो संशय दिसतो, त्याला राजकारणाची फोडणी असेल. पण तो सगळाच हवेतून आलेला नाही, हे ख्रिस्ती माणसाने प्रथम मान्य करावे.

या पार्श्वभूमीवर फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे देह परत मिळवण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले होते. अशा अनुभवानंतर माणूस कडवट झाला असता तर नवल नव्हते. स्टीफन्सने मात्र त्याच लोकांची भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच त्याचे निमित्त येते: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काय देता, असा प्रश्न नवख्रिस्ती श्रोता विचारतो. 'ख्रिस्तपुराण' हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. तो प्रश्न तक्रारीचा होता, आणि स्टीफन्सने ती तक्रार खरी मानली. म्हणून त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवी हाच छंद घेतला, आणि मराठीची थोरवी गाताना मोगरा आणि कस्तुरी यांचे दाखले दिले.

ही केवळ मिशनऱ्याची युक्ती होती, असे म्हणता येईल, आणि तसे म्हणणारे अभ्यासक आहेतच. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. पण युक्तीसाठी माणूस भाषा शिकतो. भाषेच्या गोडीने हरखून जाण्यासाठी आणखी काही लागते. आपल्या वर्गांत 'ख्रिस्तपुराण' शिकवले जाते ते प्रकाशनाचे वर्ष, लिपी, कोकणी रूपांचे मिश्रण या मुद्द्यांपुरते. ज्ञानेश्वरी शिकवताना भक्ती वगळण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग स्टीफन्सच्या ओव्यांतील हर्ष हा वाङ्मयीन विषय का होऊ नये?

या हर्षाचे अस्सल घरगुती रूप पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांकडे यावे लागते. ना. वा. टिळक मूळचे कोकणातले, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या. पण श्रद्धा त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून घेतली नाही. सोवळेओवळे, जात, पाणी यांविषयीचे प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडून सोडवले आणि मगच बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांत उपदेश जवळजवळ नाही. हसणे मात्र पानोपानी आहे: स्वतःला, नवऱ्याच्या विसरभोळेपणाला आणि संतापाला, मिशनच्या जगालासुद्धा. दारिद्र्य, मृत्यू, बहिष्कार हे सगळे सोसूनही ज्या बाईचा विनोद आटत नाही, तिची आशा कोणत्या मातीची असेल, हा प्रश्न वाचकाला पडतो. तिथे श्रद्धेची साक्ष आपोआप झालेली असते.

याच घरात अहमदनगरला बालकवी ठोंबरे राहिले. टिळक दांपत्याने त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी हिंदूच राहिले. मराठीतल्या सर्वांत आनंदी निसर्गकवीला ज्या ख्रिस्ती घराने आसरा दिला, त्याने मोबदल्यात त्याचा धर्म मागितला नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा 'देवाचा दरबार' सुरू केला. तो फार काळ टिकला नाही. १९१९ साली टिळक गेले. पण मिशन म्हणजे माणसे मोजणे नव्हे, हे एका मराठी ख्रिस्ती कवीने एवढ्या लवकर ओळखले होते.

पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वैद्यकीय कामात डॉ. गोहीन यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचा राजदूत झाला. त्यानंतर दहा वर्षांनी याच वेंगुर्ल्यात मंगेश पाडगांवकर जन्मले. जगण्यावर प्रेम करायला शिकवणाऱ्या या कवीने उत्तरायुष्यात बायबलच्या नव्या कराराचा मराठी अनुवाद केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध आहे, असे मला सुचवायचे नाही. पण दोन्ही एकत्र पाहाव्यात, असे जरूर वाटते. एकीकडे परक्या देशातून आलेला डॉक्टर ताप आणि जखमा तपासत राहतो. दुसरीकडे ख्रिस्ती नसलेला कवी ख्रिस्ताची वचने आपल्या मराठीत आणतो. शुभवर्तमान चर्चच्या आवाराबाहेर पडले, की त्याचे असे होते. ते कोणाच्याही हाती लागते आणि कोणाच्याही आवाजात बोलू लागते. श्रद्धावंताला याची भीती वाटत असेल, तर त्याचा आनंद अजून कच्चा आहे.

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल', वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा हे सर्व त्यांच्यासाठी एकच काम होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला केवळ धर्मावरून विरोध झाला होता. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि बोलले, मराठीतच. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वसईने दिब्रिटो दिले, सिसिलिया कार्व्हालो दिल्या. सिंधुदुर्गातील ख्रिस्ती जीवन मात्र मराठी वाङ्मयात अजून तुरळकच दिसते. प्रार्थना कोकणीत, बाजारहाट मालवणीत, शाळा मराठीत आणि आता वाढत्या प्रमाणात इंग्रजीत, अशा चार भाषांमध्ये येथले ख्रिस्ती मूल वाढते. यांतील कोणत्या भाषेत ते हसेल, रडेल आणि देवाशी भांडेल, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. लोकसंख्येने लहान असलेल्या समाजाला गप्प राहणे सुरक्षित वाटते. पण गप्प राहिलेल्या समाजाविषयी इतर लोक बोलू लागतात, आणि ते बहुधा वाईट बोलतात.

म्हणून दोन अपेक्षा. मराठीच्या प्राध्यापकांनी 'ख्रिस्तपुराण' आणि 'स्मृतिचित्रे' यांच्याकडे श्रद्धेसकट पाहावे; विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असला तरी त्याला ते पेलते. आणि या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती तरुणांनी आपल्या घरातली गोष्ट लिहावी: होडी परत न आल्याची रात्र, अंगणातल्या खुरसासमोरची प्रार्थना, शेजारणीने धरलेला हात. तीत उपदेश नसला तरी चालेल. लक्ष्मीबाईंनीही तो केला नव्हता.