हॉटेलचे पॉइंट्स : बिल कोणाचे, बक्षीस कोणाला?

सोलापूर-धुळे महामार्ग आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याला एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथली हॉटेले दिवसरात्र गजबजलेली असतात आणि इथली रबडी खाल्ल्याशिवाय पुढे न जाणारे प्रवासी जिल्ह्याबाहेरही भेटतात. महामार्गावरच्या या धंद्यातली एक जुनी रीत मात्र प्रवाशाच्या फारशी लक्षात येत नाही. खासगी ट्रॅव्हल्सची गाडी ज्या हॉटेलासमोर थांबते, तिथे चालक आणि क्लीनरचे जेवण बहुधा फुकट असते. गाडी कुठे थांबवायची ते हे दोघे ठरवतात. चहाचे आणि थाळीचे पैसे मागे बसलेले तीस-चाळीस जण देतात.

मोठ्या हॉटेल साखळ्यांचे ‘लॉयल्टी प्रोग्राम’ याच हिशेबावर उभे आहेत. तिथे थाळीऐवजी पॉइंट्स मिळतात, एवढाच फरक. हॉटेल निवडणारा एक, बिल भरणारा अनेकदा दुसरा आणि बक्षीस निवडणाऱ्याला. ही मेख समजली की पॉइंट्स कुठे खरोखर कामाचे आणि कुठे निव्वळ गळ, हे ओळखता येते.

कोणासाठी आहे ही योजना?

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये विमानप्रवासासाठी अशी योजना काढली. दोन वर्षांनी, 1983 मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. नजर होती ती कामानिमित्त सतत फिरणाऱ्या माणसावर, कारण त्याचे भाडे कंपनी भरते आणि दोनशे रुपये जास्त गेले तरी त्याच्या खिशाला झळ बसत नाही. आज मॅरियटची ‘बॉनव्हॉय’, हिल्टनची ‘ऑनर्स’, ‘आयएचजी वन रिवॉर्ड्स’ आणि अ‍ॅकॉरची ‘ऑल’ या योजना भारतातही चालतात. ताज, विवांता आणि जिंजर ही हॉटेले 2022 पासून टाटांच्या ‘न्यूपास’मध्ये आहेत. तिथे एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, त्यामुळे हिशेब सोपा. आयटीसीची ‘क्लब आयटीसी’ ही योजना वेगळी. या सगळ्यांचे सदस्यत्व फुकट आहे.

बीड, केज, पाटोद्याच्या माणसाचा या साखळ्यांशी संबंध येतो तो पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरला. औषध कंपन्यांचे एमआर, बियाणे-खते कंपन्यांचे प्रतिनिधी, कामाच्या बैठकांना जाणारे कंत्राटदार आणि पुण्यात आयटीत नोकरी करणारी इथली मुले यांच्या वर्षभरात वीस-तीस रात्री हॉटेलात जातात. त्यांनी सदस्य न होणे म्हणजे हक्काचे सोडून देणे आहे. मात्र एक अट नीट समजून घ्यावी. मेकमायट्रिप, गोआयबीबो, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या अ‍ॅपवरून खोली घेतली, तर साखळीचे पॉइंट्स साधारणपणे मिळत नाहीत. हॉटेलच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून, संकेतस्थळावरून किंवा फोनवरून बुकिंग लागते. ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क बुकिंग करत असेल, तर आपला सदस्य क्रमांक बुकिंगवर टाकायला सांगावे आणि या दरावर पॉइंट्स लागू आहेत का, तेही विचारावे.

ऑफिसच्या पैशाने मिळालेले पॉइंट्स घरच्या सहलीला वापरावेत का? बहुतेक खासगी कंपन्या याकडे काणाडोळा करतात. केंद्र सरकारचा नियम मात्र वेगळा आहे. सरकारी कामाच्या विमानप्रवासावर मिळालेले माइल्स पुन्हा सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात. आमच्या मते ही शिस्त योग्य आहे. पॉइंट्ससाठी कर्मचारी महागडे हॉटेल निवडू लागला, तर ते पैसे मालकाच्या किंवा करदात्याच्या खिशातून जातात. खासगी कंपनीतही नियम काय आहे, ते एकदा एचआरला विचारून घेतलेले बरे.

पॉइंटची किंमत कशी काढायची?

शाळेतला भागाकार पुरेसा आहे. त्या रात्रीचे करासह रोख भाडे घ्या आणि त्याला मागितलेल्या पॉइंट्सनी भागा. समजा, खोलीचे भाडे 9,000 रुपये आहे. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून बिल होते 10,620. त्याच रात्रीसाठी 15,000 पॉइंट्स मागितले, तर एका पॉइंटला सुमारे 71 पैसे मिळाले. दुसऱ्या हॉटेलात भाडे 5,500 आहे, त्यावर 5 टक्के जीएसटी धरून 5,775 रुपये, आणि तिथेही 15,000 पॉइंट्सच मागतात. इथे पॉइंट पडला साडेअडतीस पैशांना. दुसऱ्या ठिकाणी रोख द्यावे आणि पॉइंट्स पहिल्यासाठी राखावेत. रोख दरात नाश्ता धरलेला असतो आणि पॉइंट्सवरच्या खोलीत तो नसतो, असे अनेकदा होते. तेवढी रक्कम आधी वजा करावी.

आता उलट हिशेब. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत साध्या सदस्याला एका डॉलरमागे 10 पॉइंट्स मिळतात. डॉलर नव्वद रुपयांचा धरला, तर 9,000 च्या भाड्यावर 1,000 पॉइंट्स. साठ पैशांच्या भावाने त्यांची किंमत झाली 600 रुपये, म्हणजे सहा-सात टक्के. याचा अर्थ सरळ आहे. स्वतःच्या खिशातून पैसे जात असतील आणि तीच खोली दुसऱ्या अ‍ॅपवर पंधरा टक्क्यांनी स्वस्त मिळत असेल, तर पॉइंट्स विसरावेत. वर्षाला तीन-चार रात्रीच बाहेर राहणाऱ्या कुटुंबाने एका साखळीला धरून बसण्यात तर काहीच हशील नाही.

लांबच्या सुटीसाठी एक सवलत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या, तर त्यांतली सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र मोफत पडते. हिल्टनमध्येही पाचवी रात्र मोफत आहे, पण ती सिल्व्हर किंवा त्यावरच्या सदस्यालाच.

लग्नाच्या बिलाचे काय?

मराठवाड्यातली लग्नेही आता संभाजीनगर-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत होऊ लागली आहेत. सभागृह आणि जेवणावळीच्या बिलावरही अनेक साखळ्या पॉइंट्स देतात. ते जातात करारावर ज्याचा सदस्य क्रमांक असतो त्याला. बिल मुलीचे वडील भरतात आणि पॉइंट्स इव्हेंट मॅनेजरच्या खात्यावर पडतात, असे होऊ शकते. गाडी आणि थाळीचीच गोष्ट. करारावर सही करण्यापूर्वी विचारावे, नंतर विचारून उपयोग नसतो.

साठवून ठेवले तर?

घरात सोने साठवावे तसे पॉइंट्स साठवणारे लोक आहेत. ही साठवण तोट्याची आहे. पॉइंटचा भाव कंपनी ठरवते आणि तीच तो बदलते. कोणत्या हॉटेलला किती पॉइंट्स लागतील, याचा ठरलेला तक्ता मॅरियटने 2022 मध्ये बंद केला. तेव्हापासून मागणीनुसार आकडा हलतो. मुदतही असते. मॅरियट आणि हिल्टनमध्ये 24 महिने खात्यावर काहीच व्यवहार झाला नाही, तर पॉइंट्स जातात. आयएचजीच्या साध्या सदस्याला आणि अ‍ॅकॉरच्या सदस्याला एकच वर्ष मिळते. त्या मुदतीत एखादा मुक्काम झाला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका चांगल्या मुक्कामापुरते जमले की खर्चून टाकावेत.

कार्ड आणि विकतचे सदस्यत्व

एचडीएफसी बँकेने 2023 मध्ये मॅरियटसोबत क्रेडिट कार्ड आणले. वार्षिक शुल्क 3,000 रुपये अधिक कर, त्या बदल्यात 15,000 पॉइंट्सपर्यंतच्या हॉटेलात एक मोफत रात्र. ती रात्र खरोखर वापरली तर सौदा वाईट नाही. पण थकबाकी पुढे ढकलणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. अनेक क्रेडिट कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाते. सहा टक्क्यांच्या पॉइंट्सनी ते कधीच भरून निघत नाही.

फोनवरून विकले जाणारे ‘क्लब मॅरियट’, ‘अ‍ॅकॉर प्लस’ यांसारखे सदस्यत्व ही निराळी गोष्ट आहे. तिथे आधी पैसे भरायचे, मग जेवणावर आणि खोलीवर सवलत मिळते. त्या शहरात वारंवार जेवायला जाणाऱ्याला ते परवडते. मांजरसुंब्याहून वर्षाला दोनदा पुण्याला जाणाऱ्याला नाही.

मेसेजवर विश्वास किती?

पॉइंट्स आले तसे त्यांच्या नावावरचे चोरही आले. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मॅरियटने आपल्या स्टारवुड शाखेच्या आरक्षण यंत्रणेतून कोट्यवधी पाहुण्यांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे या खात्याचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा. आपल्याकडे जास्त चालतो तो साधा प्रकार. ‘तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज संपणार आहेत’ असा व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएस येतो, सोबत एक लिंक किंवा एपीके फाइल असते. फाइल फोनमध्ये घेतली की ओटीपी चोराच्या हाती जातात आणि काही मिनिटांत बँक खाते रिकामे होऊ शकते. बँक किंवा हॉटेल पॉइंट्ससाठी एपीके फाइल पाठवत नाही. मुदत खरेच संपत आहे का, हे लिंक न उघडता अधिकृत अ‍ॅपमध्ये जाऊन पाहता येते. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.